जळकोटची पेटी

आमच्या क्लासेसमध्ये नवा मास्तर रुजू झाला आणि त्याने विचारलं, की सालेहा मॅडम कोण, तर मी सांगतो, "थांबा जरा. आधी आवाज येईल, मागून मॅडम येतील." सालेहा आमची नेटवर्क इन्चार्ज. लातूरची मोठी इमारत, नांदेडची शाखा आणि चाकूर, शिरूर अनंतपाळ, जळकोट इथली लहान केंद्रं, या सगळीकडचं इंटरनेट चालू ठेवणं हे तिचं काम. मी, व्यंकट मास्तर, मूळचा उदगीरचा, केमिस्ट्री शिकवतो. खडू आणि फळा सोडून कुठल्याही यंत्रावर माझा विश्वास नाही आणि हे मी तिला रोज ऐकवतो. ती म्हणते, "तुमचा फळा कधी बंद पडत न्हाई, खरंय सर. पण तुम्ही दुपारच्या तासाला बंद पडता की!"

तिचे वडील गुलाम रसूल गंजगोलाईच्या मागे पत्र्याच्या पेट्या करायचे. डॉक्टर-इंजिनियर व्हायला गावोगावची पोरं लातुरात यायला लागली आणि गुलामभाईंच्या हातोडीला उसंत राहिली नाही. खोलीवर राहणाऱ्या पोराला कुलपाची पेटी लागतेच. पुस्तकं चोरीला जात नाहीत, पण आईने दिलेले लाडू जातात. "या जिल्ह्यातले अर्धे डॉक्टर माझ्या अब्बाच्या पेटीतून निघालेत," असं सालेहा छातीठोकपणे सांगते. मी कधी वाद घालत नाही, कारण माझ्या धाकट्या भावाची पेटीही त्यांच्याकडचीच होती.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सालेहा आठ वर्षांची होती. त्यांचं घर उभं राहिलं, पण त्या घरात पाय टाकायची कुणाची छाती होईना. सगळं शहर रस्त्यावर आणि मैदानात झोपत होतं. पुढे लोक हळूहळू घरात परतले, तेव्हा घरोघरी एक नवी व्यवस्था आली होती. आमच्या उदगिरातही होती. तांब्या पालथा घालायचा, त्यावर स्टीलचा पेला उभा करायचा आणि मग झोपायचं. जमीन हलली की पेला पडणार, आवाज होणार आणि माणसं बाहेर पळणार. गुलामभाईंनी तर ही सगळी मांडणी पत्र्याच्या रिकाम्या पेटीवर केली. त्यांचा पेला पडला की अख्खी गल्ली उठायची.

पण रस्त्याने ट्रक गेला तरी तो पेला पडायचा. मांजर गेलं तरी पडायचा. पहिले काही दिवस सगळे पळाले, मग नुसते उठून बसायला लागले आणि शेवटी कुशी बदलून झोपायला लागले. गुलामभाईंना याची धास्ती वाटली. त्यांनी तांब्याखाली गोधडीचा एक तुकडा घडी करून ठेवला. आता ट्रकने पेला पडेना, खऱ्या हादऱ्यालाच पडू लागला. गोधडीची घडी किती जाड ठेवायची हे बापलेक मिळून ठरवायचे. सालेहाला नेटवर्कची नोकरी त्याच दिवसांत लागली, असं माझं मत आहे. पगार नंतर सुरू झाला एवढंच.

त्याच काळात शाळेच्या इमारतीला तडे गेले म्हणून तिच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरायला लागले. लांब शाळेत ज्या मुलींना कुणी पाठवत नव्हतं, त्या मुलीही शेडमध्ये येऊन बसल्या. सालेहा त्यांतलीच एक. "शाळा घराजवळ आली म्हणून मी शिकले, सर. न्हाईतर मी आज पेट्याला रंग मारत बसले असते," असं ती म्हणते. म्हणूनच जळकोटचं केंद्र तिने भांडून उघडायला लावलं. तिथल्या मुलींना लातूरला खोली करून ठेवायला घरचे तयार नव्हते. जळकोटातच बसून दर रविवारी परीक्षा देता येत असेल तर बसू दे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

भांडण झालं ते क्लासेसचे मालक मल्लिनाथअप्पांशी. अप्पांची पूर्वी आडत होती. तूर आणि हरभरा ओळखण्यात त्यांची हयात गेली आणि मग त्यांनी क्लासेस काढले. कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा. मास्तर नेमतानाही ते तुरीचा दाणा पाहावा तसे न्याहाळतात. मला त्यांनी दोनदा न्याहाळलं होतं.

तर हे जळकोटचं केंद्र दर परीक्षेला बंद पडायला लागलं. सकाळी पेपर सुरू व्हायचा, मुली अर्ध्यावर यायच्या आणि इंटरनेट जायचं. आम्हाला ते कळायचं एखाद्या वडिलांचा संतापलेला फोन आल्यावर. आमची माणसं तिथे जाऊन तपासायची तेव्हा सगळं ठणठणीत. केंद्र सांभाळणाऱ्या धोंडाबाईंना फोन केला की त्या म्हणायच्या, "पेटी चालू हाय की. दिवे लागलेत." पेटी म्हणजे आत बॅटरी आणि इंटरनेटचं यंत्र असलेला जड लोखंडी डबा.

अप्पांनी एका बैठकीत सांगून टाकलं, "दिवाळीपत्तुर बघतो. न्हाई जमलं तर जळकोट बंद. पोरींचं वरीस वाया घालवायचा आपल्याला काय हक्क हाय?"

अप्पांचं चुकत नव्हतं, म्हणूनच सालेहाला उत्तर देता येईना. मी तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गप्प पाहिलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती अप्पांच्या खोलीत गेली आणि सगळ्या नेटवर्कवर निगराणी ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या म्हणून अडून बसली. मलाही साक्षीला नेलं होतं. अप्पांना तिने सोपं करून सांगितलं. हे सॉफ्टवेअर लातुरात बसून सगळीकडच्या पेट्यांना सारखी हाक मारत राहतं. पेटीने ओ दिली, की ती बरी आहे. ओ दिली नाही, की सॉफ्टवेअर ओरडतं. शिवाय कोण कधी गप्प झालं होतं याची नोंद ठेवतं.

अप्पा म्हणाले, "घ्या. पण माल बघून घ्या. पोत्याच्या तोंडाला समदेच चांगले दाणे ठेवतेत. मधून काढून बघा."

पहिला माल पुण्याहून आला. त्या कंपनीचा प्रतिनिधी फार सभ्य मुलगा होता. त्याने भिंतीवर भला मोठा पडदा लावला. त्यावर नकाशे, आलेख, लाल-पिवळे-निळे दिवे. अप्पा खूश झाले, मीही झालो. सालेहाने मात्र एवढंच सांगितलं, की रविवारच्या परीक्षेला हे लावून बघू.

रविवार उजाडला आणि तो पडदा जो केकाटायला लागला तो थांबेना. नांदेडच्या प्रिंटरमधला कागद संपला, ओरडा. वाचनालयातला संगणक कुणी बंद केला, ओरडा. चाकूरचं यंत्र जरा गरम झालं, ओरडा. अर्ध्या तासात पडद्याकडे कुणी बघेनासं झालं. मीच उठून त्याचा आवाज कमी केला. आणि त्या गोंधळात जळकोट कधी गेलं कुणालाच कळलं नाही. नेहमीप्रमाणे फोन आल्यावर कळलं.

"मॅडम, जितक्या जास्त सूचना, तितकी जास्त सुरक्षा," प्रतिनिधी म्हणाला.

"हाव दादा. पण तुमच्या तांब्याखाली गोधडी न्हाई ना," सालेहा म्हणाली. तो बिचारा माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याला चहा पाजला आणि गोधडीची सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, सूचना कमी करता येतील, पुढच्या रविवारी मी पुन्हा येतो.

मधल्या काळात सालेहाने दुसरा माल काढला. हे सॉफ्टवेअर फुकट मिळणारं होतं. दिसायला अगदी ओबडधोबड, नकाशा नाही की रंगरंगोटी नाही. ते तिने महिनाभर आधीच कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावर गुपचूप चालू करून ठेवलं होतं. प्रत्येक गोष्ट स्वतः शिकून जुळवावी लागत होती आणि ती जुळवताना ती त्या संगणकाला दखनी उर्दूत अशा शिव्या द्यायची की बाहेरचा शिपाई कान देऊन ऐकायचा. पण त्यात गोधडीची सोय होती. पेटीने एकदा ओ दिली नाही, तर लगेच ओरडायचं नाही. पुन्हा हाक मारायची, जरा थांबायचं, पुन्हा मारायची. तरीही गप्पच असेल तर मात्र मोठ्याने ओरडायचं. प्रिंटरच्या कागदासाठी तर मुळीच ओरडायचं नाही.

ओरडायचं म्हणजे कोणता तरी आवाज हवा. आणि इथे आमच्या हुशार बाईने माती खाल्ली.

तिने घरी जाऊन अब्बांच्या पेटीवर तांब्या पालथा घातला, त्यावर पेला ठेवला, तो पाडला आणि तो आवाज मोबाईलवर भरून आणला. आपण इमारतीत कुठेही असलो तरी ऐकू यावा म्हणून तो थेट इमारतीच्या स्पीकरांना जोडला. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच तिच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी वर मुलांची परीक्षा चालली होती आणि खाली सभागृहात पालकांची सभा. अप्पा माईक धरून बोलत होते. मी पहिल्या मजल्यावर फळ्यासमोर उभा होतो. आणि सगळ्या स्पीकरांतून एकदम पेला पत्र्यावर पडला.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मी शुद्धीवर आलो तेव्हा मैदानात होतो. हातात खडू, पायात एकच चप्पल. माझ्याभोवती सगळे पालक, सगळे मास्तर, शिपाई, कँटीनवाला. एका शेतकरी गड्याने दुसऱ्याच कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला पाठीवर घेतलं होतं. अप्पा माईकसकट पळाले होते आणि माईकची तुटलेली वायर शेपटीसारखी लोंबत होती. तिशीच्या पुढचं एक माणूस आत राहिलं नव्हतं. आणि पोरं? भूकंपानंतर जन्मलेली ती सगळी कार्टी खिडकीत उभी राहून आमच्याकडे बघत होती. त्यांच्यासोबत तो पुण्याचा प्रतिनिधीही होता.

जमीन काही हलेना. तेवढ्यात सालेहा जिन्यावरून ओढणी सावरत धावत आली. "भूकंप न्हाई ओ! भूकंप न्हाई! जळकोटचं नेट गेलंय!"

मग पाठीवरची म्हातारी खाली उतरत म्हणाली, "नेट गेलं म्हणून एवढं पळवलास व्हय रं मला?" आणि आधी अप्पा हसले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग सगळं मैदान हसलं. अनवाणी पाय एकमेकांना दाखवत लोक हसत होते. कुणी सांगायला लागलं, आमच्याकडे पेल्यात गोट्या टाकून ठेवायचे. कुणी म्हणालं, आमच्याकडे पितळी घंटा होती. इतक्या वर्षांत त्या दिवसांबद्दल मी लोकांना हसत बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. मला फार बरं वाटलं. चप्पल मात्र सापडली नाही.

"आवाज आजच्या आज बदल," अप्पांनी सालेहाला दटावलं. मग म्हणाले, "पण एक हाय. जळकोट गेल्याबरोबर कळलं. माल खरा हाय."

मग सालेहा आणि तो प्रतिनिधी त्या जुन्या संगणकासमोर बसले. त्याने महिन्याभराची नोंद वर-खाली करून पाहिली आणि मोकळेपणाने म्हणाला, "मॅडम, तुमचंच ठेवा. आमचा पडदा पाहून लोक खूश होतात, पण इमारत रिकामी झालेली मी आजच पाहिली."

नोंदीत एक गंमत होती. जळकोटची पेटी परीक्षेच्या आधी थोडा वेळ पूर्ण गप्प व्हायची, मग ओ द्यायची, पेपर चालू असताना अधूनमधून अडखळत राहायची आणि पेपर संपल्यावर पुन्हा थोडा वेळ गप्प व्हायची. एरवी आठवडाभर तिला काही होत नव्हतं. मी म्हणालो, रविवारीच कुणाची तरी खोडी असणार.

"रविवारची भानगड न्हाई, सर," सालेहा म्हणाली. "दसऱ्यामुळं एक पेपर बुधवारी ठेवला होता ना? तवा बुधवारीच पडली, अन् त्या रविवारी चांगली होती. पोरी आल्या की पडते."

"मग पोरींचे मोबाईल असतील," मी लगेच निकाल दिला. माझा मोबाईलवरचा राग जुना आहे.

पुढच्या परीक्षेच्या सकाळी तिने मला माझ्या खटारा गाडीसकट जळकोटला नेलं. आम्ही येणार हे कुणालाच कळवलं नव्हतं. केंद्राच्या दारात पोचलो तेव्हा मुली आत येत होत्या. भिंतीला लागून बाकं, आणि शेवटच्या बाकाच्या बरोबर वर, उंच फळीवर ती लोखंडी पेटी. धोंडाबाई स्टुलावर चढल्या होत्या. त्यांनी पेटीचं बटण बंद करून पिन काढली, पेटी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली, सावकाश खाली उतरल्या आणि कोपऱ्यात जमिनीवर ठेवून पिन लावून पुन्हा बटण दाबलं. दिवे लागले. छतावरून येणारी वायर मात्र इतकी ताणली गेली होती, की बाक जरा हललं तरी तिचं टोक निसटत होतं.

मी तोंड उघडणार होतो. सालेहाने माझा हात धरला आणि पुढे जाऊन हळूच विचारलं, "मावशी, पेटी खाली का घेतली वो?"

"मग? पोरींच्या डोक्यावर एवढं वज्जं ठेवायचं व्हय?" धोंडाबाई म्हणाल्या. "पोरी खाली माना घालून लिवून राहिल्यात. हादरा बसला तर वर कोण बघंल? पोरी गेल्या की ठिवते परत जागेवर. साहेब लोकांनी ठेवल्याली वस्तू हाय, तिथंच असली पायजे."

"कुणाला सांगितलं न्हाई कधी?"

"कुणी इचारलंच न्हाई. समदे इचारतेत, पेटी चालू हाय का. चालू तर असती."

मग त्या पेटीवरची धूळ पदराने पुसत म्हणाल्या, "माझी लेक गोदा भांड्यांच्या मांडणीखाली झोपली होती, बाई. किल्लारीकडं होतो आमी. समदी भांडी... तवापासून म्या कुणाच्या लेकराच्या वर काई ठिवू देत न्हाई."

इमारतीतून पळताना माझ्या पायांना जे आठवलं होतं, ते ही बाई दर परीक्षेला स्टुलावर चढून आठवत होती. सालेहा धोंडाबाईंच्या गळ्यात पडून रडली, अगदी हुंदके देऊन. बाकांवरच्या मुली पेपर सोडून बघत राहिल्या. मग धोंडाबाईच तिला म्हणाल्या, "उग, उग. पोरींचा टाइम चाललाय."

त्या दिवशी सालेहाने गाडीतून जोडकामाची वायर काढून छतावरची वायर लांब करून दिली आणि पेटी जमिनीवरच राहू दिली. पेपर शेवटपर्यंत चालला. आठवड्याभरात गुलामभाईंनी या वयात पुन्हा हातोडी हातात घेऊन पत्र्याची एक खास पेटी केली. तिला हवा खेळायला भोकं पाडली आणि गडद हिरवा रंग दिला. लोखंडी डबा त्या पेटीत बसला आणि ती पेटी बाकांपासून लांब, भिंतीच्या पायथ्याशी पक्की ठोकली गेली. फळी धोंडाबाईंनी स्वतः काढायला लावली.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पेटीला नाव असतं. जळकोटच्या पेटीचं नाव इंग्रजी अक्षरं आणि आकडे जोडून केलेलं काहीतरी होतं. सालेहाने धोंडाबाईंना फोन करून विचारलं आणि ते नाव बदललं. आता तिथे 'गोदा' असं लिहिलेलं आहे.

दिवाळीला अप्पांनी सगळ्यांना फराळाला बोलावलं. सालेहाच्या ताटात आणखी एक करंजी वाढत ते म्हणाले, "फुकटचा माल म्या जिंदगीत घेतला न्हाई. ह्यो पहिला. जळकोट हाय तिथंच हाय." सालेहा इतकी आनंदली की करंजी हातात घेऊन तिने माझ्याच पाठीत धपाटा घातला. सॉफ्टवेअरचा आवाजही तिने बदलला होता. आता जुनी सायकलची घंटी वाजते, आणि कुणीही पळत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जळकोटच्या मुली निकालानंतर सत्काराला लातूरला आल्या. धोंडाबाई त्यांना घेऊन आल्या होत्या. हारतुरे झाल्यावर सालेहा त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेली. मी दारात उभा होतो. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची ओळ होती. धोंडाबाईंना वाचता येत नाही, म्हणून सालेहाने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही बघा मावशी, तुमची गोदा."

धोंडाबाई वाकून बघत राहिल्या. "ही व्हय? मग ही आत्ता काय करून राहिली?"

"जागी हाय. आपण इथून हाक मारली की लगेच ओ देते."

धोंडाबाईंनी दोन्ही तळवे त्या हिरव्या ठिपक्यावरून फिरवले, आपल्या कानशिलांशी नेले आणि कडाकडा बोटं मोडली.